शिस्त बाळाला, सूट ऑफिसला

पहिल्या महिन्यापासून वेळेवर दूध आणि वेळेवर झोप लावली नाही तर बाळ कायमचं बिघडतं, असं ठणकावून सांगणारी माणसं सध्या उपनगरांत जागोजागी भेटतात. सोसायटीच्या बागेत, बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यातल्या बाकावर, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये. काहींनी तर हा व्यवसायच केला आहे. झोपेच्या सल्लागार म्हणून त्या व्हिडिओ कॉलवर येतात, फी घेतात आणि तक्ता पाठवतात. सकाळी ७ ला उठवा, ७:१५ ला दूध, ८:३० ला झोप, १० ला पुन्हा दूध. संध्याकाळी ६:३० ला आंघोळ, ७ ला अंधार, आणि मग उजाडेपर्यंत त्या खोलीत पाऊल टाकू नका. रडलं तर? रडू द्या. तीन रात्रींत शिकतं.

बोरिवलीतल्या एका घरात असा तक्ता फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलेला पाहिला. बाळ सहा आठवड्यांचं. घर वन बीएचके, त्यात आजी-आजोबा धरून पाच माणसं. ‘बाळाच्या खोलीत अंधार करा’ असं तक्त्यात लिहिलेलं आणि बाळाची खोली म्हणजे हॉल. तिथे सातला आजोबांच्या बातम्या लागतात, साडेसातला कुकरच्या शिट्ट्या होतात आणि नऊच्या पुढे कधीतरी बाळाचा बाप चर्चगेटहून लोकलने येतो. आला की हातपाय धुऊन आधी बाळाला उचलतो, कारण दिवसभरात त्याच्या वाट्याला तेवढाच वेळ. तक्त्याप्रमाणे तेव्हा बाळाला झोपून दोन तास व्हायला हवेत. आईने रकान्यांत पेनाने खुणा केल्या होत्या. बरोबर, चूक, चूक, चूक. बाळाचं वजन छान वाढत होतं, ते हसायला लागलं होतं, आणि ही बाई स्वतःला नापास करून बसली होती.

मला भांडायचं आहे ते या तक्त्याशी. तो बाळासाठी केलेला नाही. आईला कामावर कधी हजर व्हायचं आहे त्या हिशेबाने तो बेतलेला असतो, आणि खपवला जातो मात्र बाळाच्या हिताच्या नावाने. ‘मला चार महिन्यांत कामावर जायचंय, तोवर रात्री काय करू?’ असं एखादीने विचारलं तर तो सरळ प्रश्न आहे, त्याला सरळ उत्तरं आहेत. पण ‘वेळापत्रक नसलं तर बाळाची वाढ नीट होत नाही, शास्त्र असं सांगतं’ हे खोटं आहे. शास्त्र असं सांगत नाही.

हे खूळ आलं कुठून ते पाहण्यासारखं आहे. न्यूझीलंडमध्ये डनेडिनजवळ सीक्लिफला वेड्यांचं इस्पितळ होतं. फ्रेडरिक ट्रूबी किंग हा डॉक्टर त्याचा प्रमुख. इस्पितळाची शेतीवाडी होती, गुरं होती. वासरांना काय पाजलं, किती पाजलं की ती तगतात, याचे प्रयोग त्याने तिथे केले आणि मग माणसाच्या पोरांकडे वळला. १९०७ साली त्याने काढलेली संस्था पुढे प्लंकेट सोसायटी म्हणून प्रसिद्ध झाली. दर चार तासांनी दूध, रात्री बिलकुल नाही, विनाकारण उचलायचं नाही, ही तिची त्रिसूत्री. किंग आईच्या दुधाचा कडवा पुरस्कर्ता होता आणि बाळांच्या मरणाविरुद्ध मनापासून लढला, हे त्याचं पुण्य कबूल. पण चार तासांचा नियम त्याला कुठल्या बाळाने सांगितला नव्हता. अमेरिकेत जॉन वॉटसन या मानसशास्त्रज्ञाने १९२८ साली याच्याही पुढची मजल मारली: मुलांना मांडीवर घेऊ नका, पापे घेऊ नका, सकाळी भेटलात तर हस्तांदोलन करा. हे लिहिलं तेव्हा वॉटसन विद्यापीठातून कधीच बाहेर पडला होता आणि जाहिरात कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. तेव्हाही बाळाच्या शिस्तीचं आणि बाजाराचं चांगलं जमत होतं.

त्याच न्यूझीलंडहून दुधाच्या भुकटीचा डबाही जगभर गेला. ग्लॅक्सो. आपल्याकडे गुटगुटीत पोराला ‘ग्लॅक्सो बेबी’ म्हणायची पद्धत पडली ती त्यामुळेच. घड्याळ आणि डबा यांची जोडी सहज जमणारी होती. डब्यातलं दूध चमच्याने मोजता येतं, बाटलीवर रेघा असतात, किती प्यायलं ते दिसतं. अंगावरचं दूध कोणाला मोजता येत नाही. ज्याला मोजमाप हवं असतं त्याला अंगावरचं दूध नेहमीच संशयास्पद वाटतं. ‘पुरतंय ना गं?’ हा प्रश्न आपल्याकडच्या बाळंतिणीला दिवसातून किती जणी विचारतात, त्याची मोजदाद कोणीतरी करावी.

आता बाळाच्या बाजूने. आईचं दूध डब्याच्या दुधापेक्षा लवकर पचतं. तान्हं बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं, आणि हे समान अंतराने नसतं. दुपारी तीन तास झोपेल आणि संध्याकाळी सहा ते नऊ अंगाला चिकटून बसेल. घरातली माणसं म्हणतात, दूध आटलं. प्रत्यक्षात बाळ दूध वाढवून घेत असतं, कारण छातीतून जितकं ओढलं जातं तितकं तयार होतं. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त असतं. म्हणजे तक्ता ज्या पाजण्या आधी बंद करायला सांगतो, पुरवठा टिकवायला नेमक्या त्याच उपयोगी. त्या तोडल्या की दूध कमी होतं, मग ‘पुरत नाही’ हे खरं ठरतं, मग डबा येतो, आणि तक्ता विकणारी म्हणते, बघा, आता कसं झोपतं.

झोपेचंही तेच. दिवस आणि रात्र यांतला फरक शरीराला कळायला बाळाला दोन-तीन महिने लागतात. सहा आठवड्यांच्या पोराला सातला अंधार करून ‘रात्र झाली’ सांगणं म्हणजे त्याला अजून न आलेल्या भाषेत बोलणं. फार तर एवढं करावं, की दिवसा घरात उजेड आणि वावर असू द्यावा, रात्री पाजताना मोठा दिवा लावू नये, गप्पा मारू नयेत. यात शिस्त कसली, हे तर शहाणपण आहे आणि फुकट आहे.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९८९ साली प्रसूतिगृहांसाठी दहा पायऱ्या ठरवल्या. त्यांतली एक होती: मागेल तेव्हा पाजा. २०१८ साली त्या नव्याने मांडल्या तेव्हाही ‘बाळाच्या खुणा ओळखायला आईला मदत करा’ असंच सांगितलं. खुणा म्हणजे ओठ चोखणं, मान वळवून तोंड उघडणं, मूठ तोंडात घालणं. रडणं ही शेवटची खूण. तोपर्यंत घड्याळाकडे बघत थांबलेल्या आईच्या हातात चिडलेलं, नीट न पिणारं पोर येतं. हा आग्रह काही परदेशातून लादलेला नाही. स्तनपानाचा प्रसार करणारी बीपीएनआय ही संस्था १९९१ साली आपल्याच वर्ध्यात स्थापन झाली.

पण घड्याळाचं काहीच काम नाही, असंही नाही. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. दिवस भरायच्या आधी जन्मलेली, कमी वजनाची बाळं आईच्या किंवा दुसऱ्या आईच्या दुधावर जगवायची, हा तिचा उद्देश. अशा बाळांना दोन-तीन तासांनी ठरवूनच पाजावं लागतं. त्यांना मागायची ताकद नसते, झोपलेली असली तरी उठवावं लागतं. पूर्ण दिवसांचं पण सुस्त, कावीळ झालेलं बाळसुद्धा पहिले काही दिवस असंच उठवून पाजायचं असतं. इथे घड्याळ बाळाला जास्त पाजण्यासाठी आहे. तक्त्यातलं घड्याळ कमी पाजण्यासाठी आहे. दोन्हींना ‘फीडिंग रूटीन’ म्हणून एकाच टोपलीत टाकू नये.

मग बरोबर चाललंय हे आईने ओळखायचं कशावरून? पहिला आठवडा गेला की दिवसाला सहा किंवा जास्त दुपटी ओली होतायत का ते बघा. जन्माचं वजन दोन आठवड्यांत परत आलं का ते बघा. त्यापुढे पहिले तीन महिने रोज पंचवीस-तीस ग्रॅमच्या आसपास वाढ. महापालिकेच्या दवाखान्यात लस द्यायला नेता तेव्हा काटा असतोच. एवढ्यावर भागतं.

‘पण तिकडची मुलं स्वतःच्या खोलीत रात्रभर झोपतात!’ हा पुढचा बाण. तिकडची म्हणजे कुठली? कॅनडात ३८८ बाळांचा अभ्यास करून २०१८ साली निष्कर्ष छापले गेले. सहाव्या महिन्यात ३८ टक्के बाळं सलग सहा तासही झोपत नव्हती. वर्षाच्या वयालाही २८ टक्के झोपत नव्हती. न झोपणाऱ्यांच्या वाढीत कमतरता आढळली नाही. म्हणजे ज्या देशांकडे बोट दाखवून इथल्या आईला लाजवलं जातं, तिथेही दर तीन घरांपैकी एका घरात रात्री दिवा लागतो. आणि स्वतःच्या खोलीचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची अकादमीच सांगते की निदान पहिले सहा महिने बाळ आईबापांच्या खोलीत असावं. अंथरूण मात्र वेगळं, बाळ उताणं, भोवती मऊ काही नको. मुंबईत खोलीचा प्रश्न जागेच्या भावाने आधीच सोडवला आहे. पाळणा किंवा आईच्या गादीशेजारी वेगळी छोटी गादी, एवढं आपल्याकडे असतंच. काढायची ती राईची उशी, आणि घरात कोणी सिगरेट ओढत असेल तर ती.

२०१० साली १७ देशांतल्या २९,२८७ लहान मुलांच्या झोपेची तुलना छापली गेली, भारत त्यात होता. न्यूझीलंडमधली मुलं सरासरी संध्याकाळी ७:२७ ला झोपत होती, हाँगकाँगमधली रात्री १०:१७ ला. जवळजवळ तीन तासांचं अंतर. हाँगकाँगची पोरं बिघडलेली निघाली असं काही जगाने पाहिलेलं नाही. ज्या शहरात बाप नऊला घरी येतो, त्या शहराचं बाळ सातला झोपत नाही. ट्रूबी किंगच्या देशात सातला झोपवणं सोपं आहे, कारण तिथे सातला घरातली सगळी घरी असतात.

मग आपल्याकडे क्रम नव्हताच का? होता, आहे, आणि तो बघायचा असेल तर मालिशवाल्या बाईंबरोबर एक सकाळ काढावी. मुलुंडला आमच्या गल्लीत येणाऱ्या बाईंची चार-पाच घरं बांधलेली असतात. त्यांचा फेरा पाण्यावर ठरतो. चाळीत पालिकेचं पाणी सकाळी ठराविक वेळी येतं, म्हणून चाळीतली बाळं आधी. टॉवरमध्ये टाकीचं पाणी दिवसभर, म्हणून टॉवरमधल्या बाळाचा नंबर शेवटी, मग आई कितीही घाईत असो. बाई पाटावर पाय लांब सोडून बसतात, साडी गुडघ्यापर्यंत खोचतात, पोर नडग्यांवर पालथं घेतात. आधी कोमट तेल, मग डाळीचं पीठ आणि साय, मग तांब्याने अंदाज घेत कढत-कोमट पाणी. पोर पहिल्या तांब्याला किंचाळतं आणि तिसऱ्याला गप्प होतं. मग टिपून, जुन्या धुवट सुती कापडात घट्ट गुंडाळून आईच्या हातात. पोर पितं आणि दोन-तीन तास हलत नाही. त्या वेळात आई आंघोळ करते, जेवते, आडवी होते.

यात काही गोष्टी टाकून द्याव्यात अशा आहेत. कानात-नाकात तेल सोडणं टाकावं, नाक ओढून सरळ करणं टाकावं, वावडिंग-ओव्याच्या धुरीत बाळाला धरणं टाकावं. डॉक्टर याला नको म्हणतात ते बरोबरच म्हणतात. पण सांगाडा पाहा: चोळणं, न्हाणं, पिणं, झोपणं. रोज त्याच क्रमाने. बाई आज साडेनऊला आल्या, उद्या पावणेअकराला आल्या, गाड्या तुंबल्या तर बाराला आल्या. बाळाला फरक पडत नाही. त्याचं अंग काय ओळखतं, तर एकामागून एक काय घडतं ते. ठोके ते मोजत नाही. दिनक्रमाचा खरा उपयोग एवढाच आहे, आणि तो साधायला मिनिटांचा तक्ता लागत नाही.

गंमत म्हणजे झोपेच्या दिनक्रमाचा जो अभ्यास सल्लागार मंडळी सारखी पुढे करतात, २००९ सालचा, त्यातही हाच क्रम निघाला: आंघोळ, मालिश, मग शांतपणे निजवणं. दोन आठवड्यांत मुलं बरी झोपू लागली, आयांचा मूडही सुधारला. फक्त त्या अभ्यासातलं सगळ्यात लहान मूल सात महिन्यांचं होतं, सहा आठवड्यांचं नव्हे, आणि खर्च बाळांचा साबण-तेल विकणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनने केला होता. आमच्या बाईंना मात्र या शोधाबद्दल कोणी एक पैसा दिला नाही.

सहा महिन्यांनंतर गोष्ट बदलते, हे मी आनंदाने मान्य करते. बाळ वरचं खायला लागतं, दिवसरात्र कळते, काही रात्रीच्या पाजण्या नुसत्या सवयीच्या उरतात. तेव्हा आई थकून गेली असेल, रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, तर थोडं थोडं थांबून, जवळ बसून, बाळाला स्वतः झोपायला शिकवायला हरकत नाही. मेलबर्नच्या संशोधकांनी झोपेची तक्रार असलेल्या ३२६ मुलांचा सहाव्या वर्षापर्यंत माग ठेवला. २०१२ साली त्यांनी लिहिलं की अशा शिकवण्याने दूरगामी नुकसान दिसलं नाही. दूरगामी फायदाही दिसला नाही. दोन्ही बाजूंच्या कडव्यांनी हे अर्धंअर्धं वाटून घेतलं आहे. रडू दिलं की मेंदूला इजा होते म्हणणाऱ्यांनी पहिलं वाक्य वगळलं, आता शिकवलं नाही तर जन्मभर झोपणार नाही म्हणणाऱ्यांनी दुसरं.

एव्हाना आज्या खूश झाल्या असतील. ‘आम्ही हेच सांगत होतो. आमच्या वेळी असलं काही नव्हतं, पोरं आपली आपण झोपायची.’ आपली आपण? गुटीत जायफळाचे दोन वेढे जास्त कशासाठी दिले जात होते? जुन्या ग्राइप वॉटरमध्ये दारूचा अंश असायचा, तो कशासाठी? जन्मल्या जन्मल्या मध चाटवणं तर अजून थांबलेलं नाही, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बॉट्युलिझमसारखा जीवघेणा आजार होऊ शकतो, हे सांगणाऱ्या सुनेला अतिशहाणी म्हटलं जातं. शिवाय त्या काळी घरात सहा हात होते. एकीने पाजायचं, दुसरीने झोळीला झोका द्यायचा, तिसरीने स्वयंपाक. ते हात विरार-बदलापूरपर्यंत पांगले, कौतुक मात्र सहनशक्तीचं चाललंय.

आणि याच मुंबईत बाळाला वेळापत्रकावर आणण्याचा एक अस्सल प्रयोग होऊन गेला आहे. १९२२ साली सरकारच्या लेबर ऑफिससाठी डॉ. बार्न्स या बाईंनी कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांच्या बाळंतपणांची पाहणी केली. त्यांना आढळलं की या बायकांच्या शंभरातल्या ९८ तान्ह्या मुलांना अफू दिली जाते. बाळगोळी. भोंगा व्हायच्या आधी आई गोळी चाटवायची, पोर दिवसभर खोलीत गुंगीत पडायचं, आई दहा-अकरा तासांनी परतायची. ते रडत नसे, वेळेआधी उठत नसे, अवेळी दूध मागत नसे. आजचा तक्ता जे जे आश्वासन देतो ते सगळं त्या गोळीने पुरं केलं होतं. किती पोरं त्यातून उठलीच नाहीत, ते त्या खोल्यांनाच ठाऊक.

या आया निर्दयी नव्हत्या. रजा घेतली तर पगार जायचा, कामही जायचं. तेव्हा अफूवर व्याख्यानं झाली, आयांना अडाणी म्हटलं गेलं, आरोग्याची चित्रं भिंतींवर लागली. भोंग्याची वेळ कोणी मागे ढकलली नाही. आज तक्ता लावणाऱ्या आईची त्या गोळीशी बरोबरी करण्याचा आचरटपणा मी करणार नाही. बरोबरी करायचीच तर भोंग्याची आणि लॉग-इनची करावी.

त्या काळी एक माणूस मात्र योग्य ठिकाणी बोलला. जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक चर्चेला आलं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची बाजू मांडली. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, आणि तिच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकानेही त्याचा भार उचलावा, हा त्यांचा मुद्दा. आईने बाळाला कसं वळण लावावं यावर त्यांनी वेळ घालवला नाही. १९२९ साली कायदा झाला, देशातला पहिला.

तिथून २०१७ पर्यंत येऊ. पहिल्या दोन बाळंतपणांना पगारी रजा २६ आठवडे झाली. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे, असंही कायद्यात आलं. सरकारचाच सल्ला आहे की सहा महिने फक्त आईचं दूध द्या. गणित करून पाहा. २६ आठवडे म्हणजे सहा महिने, पण त्यातले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. ज्या बाईला रक्तदाबामुळे ते घ्यावे लागले, तिची रजा संपते तेव्हा बाळ १८ आठवड्यांचं असतं. सल्ला आणि रजा यांच्यात दोन महिन्यांचं भगदाड. ते कशाने बुजवायचं? पंपाने, डब्याने किंवा फ्रिजवरच्या तक्त्याने. बापाच्या रजेचा तर खाजगी नोकरीत कायदाच नाही. केंद्र सरकारच्या नोकरांना १५ दिवस मिळतात, तेवढंच.

पाळणाघराची तरतूद वाचायला छान आहे. नरिमन पॉइंटच्या ऑफिसात पाळणाघर केलं, तर बोरिवलीच्या बाईने पाच महिन्यांचं पोर सकाळच्या फास्ट लोकलने घेऊन जायचं का? कलम लिहिणाऱ्याने त्या वेळचा लेडीज डबा आतून पाहिलेला नसावा. उपनगरांच्या आईला पाळणाघर हवं ते घराजवळ, स्टेशनच्या वाटेवर, अंधेरी पूर्वेला, घाटकोपर पश्चिमेला, आणि तिची गाडी पंचवीस मिनिटं लेट झाली तरी उघडं राहणारं. मालकांनी एकत्र पैसे घालून ती चालवावीत, पालिकेने मंडयांच्या आणि शाळांच्या इमारतींत जागा द्यावी. हे अशक्य वाटतं त्यांनी याच शहरात बांधकामांच्या जागांवर मजुरांच्या मुलांसाठी पन्नास वर्षं फिरती पाळणाघरं चालली आहेत, ती जाऊन बघावीत.

महाराष्ट्राला याबाबतीत हिरकणीची फार आठवण येते. एसटी स्थानकांवर बाळाला पाजायच्या खोल्या झाल्या, त्यांना नाव तिचं दिलं. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे: रायगडावर दूध विकायला गेलेली गवळण, सूर्यास्ताला दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, आणि ती रात्री कडा उतरून गेली. आपण तिच्या धाडसापाशी थांबतो. महाराजांनी साडीचोळी देऊन तिचा गौरव केला इथवर येतो. पुढे काय केलं? त्या कड्यावर बुरूज बांधला, म्हणजे पुन्हा तिथून कोणी उतरू नये. गडाच्या रक्षणासाठी ते रास्तच होतं. ऑफिसांना शत्रूचं भय नाही, तरी आपण गेली कित्येक वर्षं तेच करतो आहोत. मदर्स डेला कामावर परतलेल्या आयांचा सत्कार होतो, केक कापला जातो, आणि साडेचारला निघायची परवानगी मागितली की वरिष्ठ म्हणतात, बाळाला जरा सवय लावा ना.

तेव्हा बोरिवलीच्या त्या आईला माझं सांगणं एवढंच, की फ्रिजवरचा तक्ता काढ. त्या जागी रजेचा कागद लाव: किती दिवस मिळाले, किती मागितले, कोणी नाकारले. पाजण्याच्या नोंदी ठेवायच्याच असतील तर पंपाने दूध काढायला ऑफिसात दार लागणारी खोली मिळाली का, याची ठेव.

आणि हे सगळं वाचून मान डोलावणाऱ्या माझ्या गल्लीतल्या मैत्रिणींना एक. मालिशवाल्या बाईंची सून आपल्याच चार घरांत धुणीभांडी करते. तिच्यासाठी २६ आठवडे नाहीत, पाळणाघर नाही, पहिल्या मुलाला मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये आहेत आणि तेही कागदपत्रं जुळली तर. अंगणवाडी सांभाळायला घेते ती तीन वर्षांच्या पुढच्या पोरांना. ती दुसऱ्या महिन्यात कामावर आली तेव्हा आपण सगळ्यांनी ‘बरं झालं बाई, आलीस’ म्हटलं. त्या चार घरांनी मिळून तिला किती पगारी रजा दिली होती?